पीएस४ अजून धडधाकट आहे, तरी पीएस५ घेण्यात अर्थ आहे का?

रात्रीचा_भिडू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. माझ्याकडे पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल) आहे, साधा, प्रो नव्हे, आणि गंमत अशी की त्याला काहीही झालेलं नाहीये. मोडला असता तर प्रश्नच मिटला असता, उचलून नवा आणला असता, पण चालतं मशीन घरात असताना दुसरं आणायचं म्हणजे बायकोसमोर विषय काढायलाही तोंड नाही.

खेळायला वेळ म्हणाल तर घरचे झोपल्यावर तास-दीड तास, सुट्टीच्या दिवशी थोडा जास्त. टीव्ही १०८०पीचा आहे, ४के नाही. डिस्क बऱ्यापैकी जमल्यात, त्यातल्या निम्म्या संपवलेल्याही नाहीत, हे आधीच सांगतो म्हणजे कोणी टोमणा मारायला नको. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्यालाही आता कंट्रोलर हवा असतो.

मग घ्यायचा कशाला? एक म्हणजे आमचा जुन्या मित्रांचा फुटबॉलचा ग्रुप, एकेक करून सगळे पीएस५वर गेले आणि मी इकडे एकटा अनोळखी लोकांकडून गोल खात बसलोय. दुसरं कारण सगळ्यांचं असतं तेच, रॉकस्टारचा जीटीए ६ हा गेम.

तर आता घेऊ का जीटीए येईपर्यंत थांबू? साधा घ्यायचा का प्रो? का हे सगळं सोडून निन्टेन्डोचा स्विच २ घेऊ म्हणजे पोरगाही खेळेल? १०८०पी टीव्हीवर काही फरक दिसतो तरी का? आणि घेतला अन् लगेच पीएस६ आला तर?

फॅनबॉय लोकांनी कृपया आपापसात मारामाऱ्या करू नयेत.

एकच_लाइफ

घे. पुढचा प्रश्न.

बटणबहाद्दर

वरच्या महाशयांनी विषय संपवलाच आहे, पण तरी थोडं लिहितो.

आधी टीव्हीचं. १०८०पीवर पीएस५ लावला तर चित्र थोडं रेखीव दिसतं, पण नुसत्या त्याच्यासाठी घेऊ नकोस. खरा फरक दोन ठिकाणी आहे आणि त्या दोन्हींना ४के टीव्ही लागत नाही. पहिला म्हणजे फ्रेम रेट, सेकंदाला किती चित्रं दिसतात ते. पीएस४मधला प्रोसेसर, तो जॅग्वार, २०१३ साली मशीन आलं तेव्हासुद्धा काही फार दमदार नव्हता, १.६ गिगाहर्ट्झवर चालणारे आठ कोर, त्यामुळे मोठे ओपन वर्ल्ड गेम ३० फ्रेम्सवर अडकून राहायचे आणि गर्दीचा सीन आला की तेही धड टिकायचे नाहीत. पीएस५मध्ये झेन २ आहे, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि आता बहुतेक गेममध्ये ६० फ्रेम्सचा परफॉर्मन्स मोड असतो. हे ६० फ्रेम्स तुझ्या जुन्या टीव्हीवरही दिसतात. कॅमेरा गर्रकन फिरवून बघ, तिथेच कळतं, एकदा सवय लागली की ३०वर परत जाताना डोळे कुरकुरतात.

दुसरा म्हणजे लोडिंग. तू म्हणतोयस तुला रात्री तास-दीड तास मिळतो. मग तुझ्यासाठी तर हेच जास्त महत्त्वाचं. पीएस४मध्ये लॅपटॉपवाली साधी फिरती हार्ड डिस्क, पीएस५मध्ये सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी. बॉसकडून मार खाल्ला, मेलास, की पीएस४वर टिप वाचत बसायचं, ढाल वर धरा, औषध प्या, तीच टिप परत परत, आणि पीएस५वर तीच टिप निम्मी वाचून होईपर्यंत तू परत उभा असतोस. शिवाय रेस्ट मोडमधून उठवलं की बहुतेक वेळा गेम जिथे सोडला तिथूनच सुरू. (ही सोय पीएस४वरही आहे, पण किती लोक वापरतात देव जाणे.)

आता तुझ्या त्या न संपवलेल्या डिस्क. त्यांची काळजी सोड, पीएस४चे जवळपास सगळेच गेम पीएस५वर चालतात, चार हजारांपैकी ९९ टक्क्यांच्या वर असं सोनीनेच सांगितलंय. काहींना तर नुसत्या पॅचवर ६० फ्रेम्स मिळाले, २०१८चा गॉड ऑफ वॉर, द लास्ट ऑफ अस पार्ट टू वगैरे. ब्लडबॉर्न मात्र अजून ३०वरच आहे आणि त्या पॅचची वाट बघत लोक म्हातारे होणार. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव, डिस्क ड्राइव्हवालाच घे. डिजिटल एडिशन घेतलीस तर सगळ्या डिस्क शोकेसमध्ये. स्लिम मॉडेलला ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन बसवता येतो हे खरं, पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं एवढंच, पण मुळात तुझ्याकडे डिस्क असताना ती उठाठेव कशाला. आणि काही गेमचं पीएस४ डिस्कवरून पीएस५ आवृत्तीत अपग्रेड मिळतं, कधी फुकट कधी थोडे पैसे देऊन, त्यालाही खेळताना डिस्क आत लागतेच.

फुटबॉलबद्दल, हो, तिथे तुझी अडचण खरीच आहे. एफसीमध्ये (तोच फुटबॉलचा गेम) क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवाल्यांनी एकत्र खेळणं, पिढीनुसार आहे, पीएस४वाले एक्सबॉक्स वनवाल्यांबरोबर आणि पीएस५वाले एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस आणि पीसीबरोबर. पीएस५वर त्याच गेमची पीएस४ आवृत्ती चालते, म्हणजे तुझे मित्र मनात आणलं तर तुझ्यासाठी खाली उतरू शकतात. उतरणार नाहीत ते सोड.

पीसीवाला_बाब्या

मी काय म्हणतो, एवढा खर्च करतोच आहेस तर थोडी भर घाल आणि पीसी बनव ना. सोनीचे स्वतःचे गेम आता पीसीवर येतात, होरायझन आला, गॉड ऑफ वॉर आला, स्पायडर-मॅन आला, घोस्ट ऑफ त्सुशिमा २०२४ला आला. ऑनलाइन खेळायला दरवर्षी पैसे भरायचे नाहीत, सेलमध्ये गेम मातीमोल मिळतात, आणि तेच मशीन कामालाही येतं. कन्सोल म्हणजे खेळण्यापलीकडे काही नाही.

बटणबहाद्दर

बाब्या, तू प्रत्येक धाग्यावर हेच लिहितोस आणि प्रत्येक वेळी ते "थोडी भर" नेमकी किती हे सांगत नाहीस 😄

त्याला जीटीए ६ खेळायचाय. तो पीएस५ आणि सिरीज एक्स-एससाठी जाहीर झालाय, पीसीचं नाव यादीत नाही. रॉकस्टारची जुनी खोड बघ, जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ला. रेड डेड २ कन्सोलवर ऑक्टोबर २०१८, पीसीवर नोव्हेंबर २०१९. म्हणजे हा वर्ष-दीड वर्ष लोकांचे व्हिडिओ बघत बसणार. आणि रात्री दहा वाजता तास मिळालेला माणूस ड्रायव्हर अपडेट, शेडर कंपाइल हे करत बसेल का? द लास्ट ऑफ अस पार्ट वन २०२३ला पीसीवर आला तेव्हा सुरुवातीला काय अवस्था होती ते तुलाही आठवत असेलच.

पीसीवाला_बाब्या

ती पीसी आवृत्ती नंतर बरीच सुधारली. पण जीटीएचा मुद्दा मान्य, तिथे मी गप्प.

उनाड_आत्या

मी स्विच २बद्दल लिहिते कारण त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाहीये. माझ्याकडे भाचे कंपनी सुट्टीत पडीक असते, वय सहा ते बारा, त्यामुळे लहान मुलं कन्सोलवर नेमकी काय करतात हे मी जवळून बघते.

तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणताय. या वयाची मुलं पीएस५च्या कंट्रोलरशी झगडत नाहीत असं नाही, खेळतात, पण त्यांना सगळ्यात मजा कशात येते तर एकाच सोफ्यावर बसून एकमेकांना हरवण्यात. निन्टेन्डोचं सगळं डोकं तिथेच चालतं. जॉय-कॉन (बाजूचे छोटे सुटे कंट्रोलर) काढून एक तुला एक मला, झालं, दोघांचा खेळ सुरू. मारिओ कार्टमध्ये आपोआप स्टिअर करायची सोय आहे, म्हणजे अगदी लहानगंही रस्त्यावरून खाली न पडता शर्यत पूर्ण करतं आणि त्याला वाटतं आपणच चालवली. मोठा हरला की लहान जो नाचतो ना.

पण तुमच्या बाकी गरजा बघता मी उगाच भरीस पाडणार नाही. जीटीए ६ स्विच २साठी जाहीर झालेला नाही. एफसी त्याच्यावर आहे पण तुमचे मित्र तिथे नाहीत. स्विच २मध्ये २५६ जीबी स्टोरेज आहे, ते भरलं की जुनं मायक्रोएसडी कार्ड त्यात गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, ते महाग. आणि गेम घेताना डबा नीट बघा, काहींवर गेम-की कार्ड असं लिहिलेलं असतं, म्हणजे आत कार्ड असतं पण कार्डात गेम नसतो, गेम डाउनलोडच करायचा आणि वर खेळताना कार्डही घालून ठेवायचं. सगळेच तसं करत नाहीत, सायबरपंकवाल्यांनी ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण गेम दिला, मग बाकीच्यांना काय होतं कळत नाही.

बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार साधारण दोन ते साडेसहा तास. मोठे गेम खेळलात तर दोनच्या बाजूला धरा.

मुलासाठी नुसता विचार करत असाल तर पीएस५मध्येसुद्धा ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम आधीपासून भरलेलाच येतो, फुकट. त्यातच मुलाचे पहिले काही आठवडे सहज जातील. त्या कंट्रोलरमध्ये पावसाचे थेंब, वाळू, बर्फ हे सगळं हाताला वेगवेगळं जाणवतं, आमच्या सहा वर्षांच्या बाईसाहेब बर्फावर नुसत्या मागे-पुढे चालत बसल्या होत्या, खेळ पुढे नेईनातच.

जुनंतेसोनं

सेकंड हँडचा विचार केलाय का? पीएस५ नोव्हेंबर २०२०चा, आता वापरलेले भरपूर फिरतायत. फक्त घेताना समोर चालवून बघायचं, फोटोवर भुलायचं नाही. मी कशी तपासणी करतो ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर.

तुमची स्वतःची एक डिस्क घेऊन जा. पीएस५ची असेल तर बरं, नसेल तर पीएस४ची. आत घातली की लगेच ओढून घेतली पाहिजे आणि आवाज थोडा वेळ होऊन थांबला पाहिजे, खरखर करत राहिला तर सोडून द्या. मागचं एचडीएमआय पोर्ट टॉर्च मारून बघा, आतली पट्टी वाकलेली आहे का, आणि केबल लावून हलकेच हलवा, चित्र गेलं-आलं तर ते मशीन तिथेच ठेवा कारण ते पोर्ट बदलणं हे सोल्डरिंगचं नाजूक काम आहे. एखादा जड गेम निदान अर्धा तास चालवा. पाच मिनिटांत काहीच कळत नाही, गरम व्हायला वेळ लागतो.

कंट्रोलर. टेबलावर ठेवायचा, कोणी हात लावायचा नाही आणि मेनूकडे बघत बसायचं. निवड आपली आपण एका बाजूला सरकायला लागली तर ड्रिफ्ट आहे. हे कुठल्याही कंपनीच्या साध्या स्टिकमध्ये होतं, आत पोटेंशियोमीटर असतात, एक पट्टी दुसरीवर घासत राहते, घासून घासून झिजते. हॉल इफेक्टवाल्यांत चुंबक असतो, घासणं नाही, म्हणून ते टिकतात, पण पीएस५बरोबर जो येतो तो साध्यातलाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकणाऱ्याने त्याचं अकाउंट समोर साइन आउट करून फॅक्टरी रीसेट मारायला हवा, मग तुम्ही तुमच्या अकाउंटने लॉगिन करून ऑनलाइन जाऊन बघायचं. मशीन बॅन झालेलं असेल तर ते तिथेच कळेल. "घरी जाऊन करा ना सावकाश" म्हणाला तर नमस्कार करून निघायचं.

संथगती_सदू

सगळे घे घे म्हणताहेत तर मी उलट बाजू लावतो.

भिडू, तुझ्याकडे चालतं मशीन आहे आणि निम्म्या डिस्क न खेळलेल्या पडल्यात, हे तूच लिहिलंयस. दिवसाला तास म्हटलं तर एकेका मोठ्या गेमला दोन-दोन महिने लागतात. एल्डन रिंग पीएस४वर चालतो, त्याचं डीएलसी, म्हणजे नंतर आलेला जादा भागसुद्धा. तेवढ्यात तुझं अख्खं वर्ष गेलं. जीटीए ६चं म्हणशील तर आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६ म्हणाले, मग १९ नोव्हेंबर २०२६. त्या गेमसाठी आधी कन्सोल घेऊन ठेवायचा आणि तो धूळ खाणार, वॉरंटीचे महिने तसेच संपणार. गेम खरंच आला, लोकांच्या हातात पडला, की त्या दिवशी जा आणि घे. तेव्हा कदाचित गेमसकट बंडलही निघेल.

माझं साधं गणित आहे. कागद घ्यायचा, त्यावर फक्त ते गेम लिहायचे जे आत्ताच्या मशीनवर चालत नाहीत *आणि* जे तू या आठवड्यात सुरू करशील. "कधीतरी खेळीन"वाले चालणार नाहीत. कागदावर तीन नावं आली तर घे. एकच आलं तर थांब.

बटणबहाद्दर

सदूभाऊ कागदवाली आयडिया झकास आहे, मी पण लोकांना हेच सांगणार यापुढे. पण "थांब" म्हणण्यात एक गोची आहे. पूर्वी थांबलं की कन्सोल स्वस्त व्हायचा, पीएस२, पीएस३, पीएस४ सगळ्यांचं तसंच झालं, दोन-चार वर्षांनी किंमत उतरायची, सडपातळ मॉडेल यायचं. या पिढीत उलटं चाललंय. सोनीने ऑगस्ट २०२२मध्ये बऱ्याच देशांत पीएस५ची किंमत *वाढवली*, २०२५मध्ये पुन्हा वाढवली, एक्सबॉक्सनेही तेच केलं. त्यामुळे थांबल्याने पैसे वाचतील या हिशोबावर राहू नये. थांबायचं तर गेम नाहीये म्हणून थांब, स्वस्त होईल म्हणून नको.

आणि पीएस४ची दारं हळूहळू बंद होतायत हेही बघ. सायबरपंकचं २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा त्याचा जादा भाग पीएस४ला मिळालाच नाही. बाल्डर्स गेट ३ पीएस४वर आलाच नाही. आणि पीएस प्लसमध्ये (सोनीची पैसे भरून घ्यायची ऑनलाइन सेवा) जानेवारी २०२६पासून पीएस४चे गेम हा मुख्य फायदा राहणार नाही असं सोनीने वर्षभर आधीच जाहीर केलं होतं. मशीन चालतंय, पण त्याच्यासाठी बनवणारे कमी होत चाललेत.

संथगती_सदू

किमतीचा मुद्दा बरोबर आहे. पण "दारं बंद होतायत" म्हणून धावायचं कारण नाही रे, त्याच्या कपाटात जे आहे ते कोणी काढून नेत नाहीये.

रात्रीचा_भिडू

बापरे, एवढं सगळं वाचून काढलं. सगळ्यांचे आभार, ताईंचे विशेष, ॲस्ट्रोचं मला माहीतच नव्हतं.

कागद खरंच घेऊन बसलो. बाल्डर्स गेट ३ (बायकोलाही खेळायचाय, दोघांनी एकाच टीव्हीवर अर्धा-अर्धा स्क्रीन करून खेळता येतो असं तिनेच शोधून काढलं, म्हणजे घरातला विरोधी पक्ष अर्धा फुटला), फँटम लिबर्टी, आणि मित्रांबरोबरचा फुटबॉल. तिसरा गेम नाहीये धड, पण खेळायला सुरुवात मात्र त्याच आठवड्यात होणार हे नक्की. सदूभाऊ, चालेल का?

अजून दोन शंका. प्रो घ्यावा का? आणि पीएस६चं काय? आणि हो, एक्सबॉक्सचं कोणीच काही बोललं नाही, गेम पास एवढा गाजतो तो नक्की काय प्रकार आहे?

संथगती_सदू

बायको बरोबर खेळणार असेल तर तीन धरले. जा, तुला मोकळीक दिली.

बटणबहाद्दर

प्रो तुझ्यासाठी नाही. सरळ सांगतो. प्रोमध्ये ग्राफिक्स चिप मोठी आहे, ६७ टक्के जास्त कम्प्यूट युनिट्स, रेंडरिंग ४५ टक्क्यांपर्यंत जलद असं सोनीचं म्हणणं, आणि पीएसएसआर नावाची एआय अपस्केलिंगची सोय, कमी रिझोल्यूशनचं चित्र ४केला स्वच्छ दिसावं म्हणून. हे सगळं कुठे दिसतं? मोठ्या ४के टीव्हीवर. तुझ्या १०८०पीवर पैसे पाण्यात. प्रोसेसर तर जवळजवळ साध्याचाच आहे, म्हणजे जो गेम प्रोसेसरमुळे ३०वर अडकलाय तो प्रोवरही बहुतेक अडकूनच राहतो. आणि त्यात डिस्क ड्राइव्ह येतच नाही, वेगळा घ्यायचा. तुझ्या डिस्कचं काय?

प्रोच्या फरकात भविष्यात टीव्ही बदललास तर जास्त फायदा होईल. टीव्ही घेशील तेव्हा एचडीएमआय २.१, १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (टीव्हीने गेमच्या फ्रेम्सशी वेग जुळवून घेणं) एवढं विचार. आणि आत्ताच्या टीव्हीतसुद्धा सेटिंगमध्ये कुठेतरी खोल गेम मोड दडलेला असेल तो चालू कर, लोक हे करतच नाहीत. टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करत बसतो, आणि तू पास दिलास की खेळाडू क्षणभराने लाथ मारतो. मग आपण कंट्रोलरला शिव्या घालतो.

पीएस६, पीएस३ २००६, पीएस४ २०१३, पीएस५ २०२०, दर सात वर्षांनी. सोनी आणि एएमडी पुढच्या चिपवर एकत्र काम करतायत हे त्यांनी ऑक्टोबर २०२५मध्ये स्वतःच सांगितलं, पण तारीख दिलेली नाही, काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलसाठी एवढंच. आणि आला तरी पहिली दोन-तीन वर्षं गेम दोन्हीवर येतात. तू पीएस४वर आत्तापर्यंत तग धरलास ना, मग पीएस५वर का नाही धरणार.

उनाड_आत्या

एक्सबॉक्सबद्दल थोडं मी सांगते, भावाकडे आहे. गेम पास म्हणजे महिन्याला पैसे भरा आणि भल्या मोठ्या यादीतलं काहीही खेळा, वरच्या प्लॅनमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे नवे गेम पहिल्या दिवसापासून. ज्याला महिन्याला दोन-तीन गेम चाखून बघायची सवय आहे त्याला भारी. पण अल्टिमेटचा दर ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेत एका फटक्यात पन्नास टक्के वाढवला, तेव्हा बरेच लोक तडकले. आणि जो माणूस एक गेम दोन महिने खेळतो त्याने दर महिन्याला भाडं कशाला भरायचं?

दुसरं, एक्सबॉक्सचेच गेम आता पीएस५वर यायला लागलेत, फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ला आला. मित्र पीएस५वर आहेत, गेम पीएस५वर येतायत, मग तुम्ही तिकडे जाऊन काय करणार.

सिरीज एस दिसायला गोंडस आहे, पण तुमच्यासाठी नाही, त्याला डिस्कची फटच नाही.

जुनंतेसोनं

खर्चाचा हिशोब करताना नुसत्या डब्याची किंमत धरू नका. दुसरा कंट्रोलर लागेल (बायको खेळणार म्हणताय ना, आणि पीएस४चा कंट्रोलर पीएस५वर फक्त पीएस४च्या गेमसाठी चालतो, पीएस५च्या गेमला नाही). फुटबॉल ऑनलाइन खेळायला पीएस प्लस लागेल, सगळ्यात खालचा इसेन्शियल पुरे. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना तेही लागत नाही. स्टोरेज पहिल्या वर्षी तरी वाढवू नका, खेळून झालेला गेम उडवायचा, डिस्क आहे तर परत इन्स्टॉल होतो. पुढे लागलंच तर आत एम.२चा स्लॉट आहे, जेन ४ एनव्हीएमई एसएसडी, सेकंदाला ५५०० एमबीच्या वरची आणि हीटसिंकवाली घ्यायची. पीएस४चे गेम मात्र साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर टाकून तिथूनच खेळता येतात, आतली जागा वाचते. पीएस५चे गेम यूएसबीवर नुसते ठेवता येतात, खेळायला परत आत आणावे लागतात.

एकच_लाइफ

मी पहिल्याच रिप्लायमध्ये म्हणालो होतो.

रात्रीचा_भिडू

😂 मान्य.

ठरलं मग, स्लिम, डिस्क ड्राइव्हवाला, एक जादा कंट्रोलर. सेकंड हँड चांगला मिळाला तर बघेन, नाहीतर नवाच. टीव्हीचा गेम मोड काल चालू केला, पीएस४वरच फरक पडला राव, एवढी वर्षं कोणी सांगितलं नाही.

शेवटचं विचारतो. पीएस४ विकून थोडे पैसे सुटतील म्हणतोय, पण त्यावर सेव्ह आहेत, एका गेममध्ये तर शंभर तास घातलेत. ते जातील का?

बटणबहाद्दर

विकायच्या आधी पीएस५ घरी येऊ दे, उलटा क्रम करू नकोस. दोन्ही मशीन एकाच वायफायवर ठेवून त्याच अकाउंटने लॉगिन केलंस की पीएस५ सुरुवातीलाच विचारतो, पीएस४वरून डेटा आणू का. हो म्हण. दोन्हींमध्ये लॅन केबल लावलीस तर पटापट होतं. ते नको असेल तर पीएस४वरून सेव्ह पेन ड्राइव्हवर कॉपी कर आणि पीएस५वर टाक, किंवा प्लस असेल तर क्लाउडवरून.

एक अडचण आहे. हे पीएस४ आवृत्तीचे सेव्ह. तोच गेम पीएस५ आवृत्तीत अपग्रेड करून खेळणार असशील तर काही गेम जुना सेव्ह आपोआप उचलतात, काहींमध्ये आधी पीएस४ आवृत्तीतून तो अपलोड करावा लागतो आणि काहींत तो येतच नाही. तुझा शंभर तासवाला कुठला आहे?

रात्रीचा_भिडू

विचर ३.

बटणबहाद्दर

मग निवांत. त्याची पीएस५ आवृत्ती डिसेंबर २०२२पासून आहे, पीएस४चा गेम असलेल्यांना फुकट, आणि जुने सेव्ह घेते. आधी पीएस४वर गेम शेवटच्या अपडेटला ने, आत जाऊन एकदा नव्याने सेव्ह मार, तो सेव्ह वर गेलाय का बघ आणि मग पीएस५वर उघड. तिथे तुझा घोडा दिसला की पीएस४ विकायला काढ.

रात्रीचा_भिडू

आज रात्री पीएस४ अपडेटला लावतो. पोराला अजून सांगितलेलं नाही, कोणी फोडू नका.

उनाड_आत्या

पोराला ते चौकोनी खोकं दारात आल्या आल्या कळणार आहे, त्यापेक्षा दुसरा कंट्रोलर कोणाचा हे आत्ताच ठरवून ठेवा.